तोंड पुसून पंचे घेणारा

स्टेशनाजवळच्या लॉजचा कारभारी उतारूंसाठी माझ्याकडून पंचे घ्यायचा. घेण्याआधी लोट्यातल्या पाण्याने तोंड धुऊन प्रत्येक पंच्याने पुसून बघायचा. कोऱ्या कापडाची खळ टोचली की पंचा परत. एकदा तर उतारूंसमोर अख्खा गठ्ठाच परत केला. ते मी अजून विसरलेलो नाही.

“पंचे घेता की आंघोळ उरकता?” मी ओरडलो.

“उतारूचा गाल खरचटला तर शिव्या मला बसत्यात की, शेठ.”

एवढे गिऱ्हाईक सोडवेना. पुढच्या खेपेला पंचे दोनदा धुतले आणि घरी, दाराआड, प्रत्येक पंच्याने माझेच तोंड पुसून पाहिले.

लॉजवर कारभाऱ्याने वरचा पंचा नाकाशी नेला.

“तुमच्या तपकिरीचा वास येतोय की, शेठ.”

मी भांडायच्या तयारीत होतो. तो सगळा गठ्ठा उचलून आत गेला. लोट्यातले पाणी तसेच राहिले.