सुभेदारांचं इन्स्पेक्शन

माझ्या सासऱ्यांनी तपासली नाही अशी एकही वस्तू आमच्या ऑस्ट्रेलियातल्या, वेरिबीच्या घरात उरलेली नाही, आणि वस्तूंमध्ये त्यांनी मलाही धरलेलं आहे. साताऱ्याकडचा माणूस. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आणि नोकरीतली बरीचशी वर्षं लंगरवर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरावर, देखरेख करण्यात गेली. अशा माणसाला लेकीकडे सहा महिने नुसतं आरामात बसायला सांगणं म्हणजे त्याचा छळच. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो, तर फ्रीजमधल्या यच्चयावत बाटल्या ओट्यावर तारखेप्रमाणे रांगेत उभ्या होत्या आणि पहिल्या रांगेतल्या चार कचऱ्यात जाणार होत्या. डिशवॉशरमधला प्रत्येक पेला ते खिडकीशी नेऊन उजेडात बघत आणि मग नाकाला लावत. आमचा मुलगा म्हणाला, "आजोबा, इट्स अ मशीन, इट जस्ट वॉशेस." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "धुतं ना. पण धुतलं गेलं का, ते कोण बघणार?" माझी इस्त्री त्यांनी दोनदा नापास केली. तिसऱ्यांदा पास केली ती माझ्यासाठी नव्हे, ऑफिसला उशीर होत होता म्हणून.

या माणसाची ऑस्ट्रेलियात एकाच जणाशी गट्टी जमली, ती शेजारच्या केनशी. केन व्हिएतनामला लढून आलेला सार्जंट. कुंपणाच्या त्या बाजूने तो टोमॅटोंना पाणी घाली, या बाजूने हे त्याला पाणी जास्त होतंय असं सांगत. एकाचं इंग्रजी ऑस्ट्रेलियन, दुसऱ्याचं फौजी, पण दोघांचं एकमेकांवाचून अडत असे. मग केनला झपाट्याने विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग दिवस, मग स्वतःचं दार. त्याची मुलगी डार्विनच्या हॉस्पिटलात नर्स. ती येऊन त्याला माजी सैनिकांच्या नर्सिंग होममध्ये ठेवून गेली, आणि महिनाभराने फोन करून आम्हाला म्हणाली, "अधूनमधून डोकावाल का? कशी काळजी घेतात ते मला कळवत जा." या देशात याचा अर्थ जाऊन चहा पिऊन या, एवढाच होतो. सासऱ्यांनी तो हुकूम म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी ब्लेझर, त्यावर मेडल्स, खिशात डायरी, मनगटाला घड्याळ. "जावईबापू, गाडी काढा." नर्सिंग होमच्या दारात ते असे काही उभे राहिले की तिथल्या मॅनेजरबाईंना हे सरकारी तपासनीसच वाटले. त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, आणि मी मध्ये तोंड उघडणार तोवर पाहणी सुरूही झाली होती. नळाच्या गरम पाण्याला कोपर लावून बघितलं. चादरीचे कोपरे ओढून बघितले. टॉवेल हुंगला. एका खोलीत बेल दाबून, घड्याळाकडे बघत, माणूस यायला किती वेळ लागतो ते टिपून घेतलं, आणि धावत आलेल्या नर्सला "शाबास" म्हणून परत पाठवलं. सगळं पास. मला हायसं वाटलं, पण ते जेवणाच्या हॉलच्या टोकाला, उष्ट्या ताटांच्या ट्रॉलीशेजारी जाऊन उभे राहिले. "जेवण कसं आहे ते आचाऱ्याला विचारू नये," ते मला म्हणाले. "खरकट्याला विचारावं."

खरकट्याने सांगितलं ते वाईट होतं. केनचं ताट भरलेलंच परत येत होतं. नर्स मल्याळी होती, मायाळू होती. तिने सांगितलं की महिनाभर असंच चाललंय, वजन उतरतंय. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, तेव्हा बहुतेक त्याला मागच्या विंगमध्ये हलवतील. तिथे सगळं मिक्सरमध्ये वाटून, चमच्याने भरवतात. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिथून अंकल लोक परत चालत येत नाहीत." केनची मुलगी सही करायला डार्विनहून येणार होती.

सासऱ्यांनी तीन दिवस नुसतं निरीक्षण केलं. केन ताटासमोर ताठ बसायचा, काट्याला हात लावायचा नाही आणि दाराकडे बघत राहायचा. "ईट अप, डार्लिंग," कुणी म्हणालं की, "इन अ मिनिट," म्हणायचा. तिसऱ्या दिवशी परतताना गाडीत हे एकदम म्हणाले, "त्याला भूक आहे. तो जेवत नाही, कारण त्याची माणसं अजून जेवलेली नाहीत."

मी म्हटलं, "बाबा, कुठली माणसं?"

"प्लॅटूनची. सार्जंट आधी जेवत नसतो, जावईबापू. सगळे जेवल्याचा रिपोर्ट आला की मग बसतो. याला रिपोर्ट द्यायला कुणी आलेलंच नाही."

मला खरं सांगायचं तर हे पटलं नाही. पण चौथ्या दिवशीही मी रजा टाकून गेलो. थेट केनसमोर जाऊन रिपोर्ट देता आला असता, पण खोटा रिपोर्ट देणं सासऱ्यांच्या रक्तात नाही. आधी ते प्रत्येक टेबलापाशी आणि प्रत्येक खोलीत जाऊन बघून आले. शेवटच्या खोलीतल्या आजोबांचा ट्रे हात पोचणार नाही इतका लांब ठेवलेला सापडला; तो जवळ ओढून, त्यांच्या पोटात चार घास गेल्यावरच ते हॉलमध्ये आले. टाच आपटली. सॅल्यूट. "ऑल मेन फेड, सार्जंट. नोबडी लेफ्ट."

केनने मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याची नजर कशावर तरी स्थिरावली. "हॉट?"

"हॉट, सार्जंट."

"सेकंड्स?" म्हणजे, दुसऱ्यांदा वाढलं का?

"सेकंड्स ऑल्सो."

केनने काटा उचलला. मटण, बटाटे, वाटाणे, वर कस्टर्ड. ट्रॉलीत ताट आलं ते पुसून घेतल्यासारखं. मल्याळी नर्स तोंडावर हात धरून रडत होती, आणि माझे सासरे डायरीत वेळ लिहीत होते.

मीटिंग झाली, पण सहीचा कागद कुणी बाहेर काढलाच नाही. मॅनेजरबाईंनी शेवटी विचारलं, की तुम्ही नक्की कुठल्या खात्याचे? "रिटायर्ड," हे म्हणाले. बाई खो खो हसल्या आणि केनच्या फाइलमध्ये लिहून टाकलं, की रोज जेवणाआधी रिपोर्ट द्यायचा, आणि तो खरा असला पाहिजे. त्यामुळे झालं असं की रोज कुणीतरी खोल्याखोल्यांतून फिरू लागलं, आणि लांब ठेवलेले ट्रे होममधून नाहीसे झाले. नर्सच्या सॅल्यूटचा कोपर सासऱ्यांनी स्वतः सरळ केला. केनचं वजन वाढलं, तेव्हा डार्विनहून मुलीचा फोन आला. ती थँक्यू, थँक्यू म्हणत राहिली, आणि हे तिला केनला फळं कमी मिळतात असं सांगत राहिले.

व्हिसा संपत आला. शेवटच्या दुपारी मीच त्यांना घेऊन गेलो. नेहमीसारखी फेरी झाली, टाच आपटली, रिपोर्ट झाला. केनने काटा उचलला नाही. त्यांच्याकडे बघून म्हणाला, "यू हॅव्हन्ट ईटन."

"नो, सार्जंट," हे म्हणाले.

केनने पायाने शेजारची खुर्ची सरकवली आणि ताट दोघांच्या मधोमध ओढलं. घरात आपला पेलासुद्धा वेगळा ठेवणारा हा माणूस मुकाट्याने बसला. दोघे एकाच ताटात, एकेका काट्याने जेवले. मी दाराशी उभा होतो. ताट रिकामं झाल्यावर सासऱ्यांनी ते स्वतः ट्रॉलीत नेऊन ठेवलं, केनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि निघाले. रोज निघताना ते "सी यू टुमॉरो, सार्जंट," म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत.