उठवलं ते चुकलं का

संडेस्कूलच्या पाठांतर स्पर्धेत मी कधी हरले नाही, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ते सांगत आले. रत्नागिरीत आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यामुळे ज्याला मी दरवर्षी हरवायचे त्याच्याशीच माझं लग्न ठरलं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्याला बायबलातलं वचन पाठ असायचं, पण पुढे उभा राहिला की अर्ध्यावर अडखळायचा आणि खाली बघून हसायचा. मी ओठ हलवून त्याला पुढचा शब्द सांगायचे. मग माझं वचन घडाघडा म्हणून बक्षीस घेऊन यायचे.

तो बोटीवर असतो, इंजिनरूममध्ये फिटर. आंब्याला मोहोर येताना गेलेला माणूस पाऊस सरताना परत येतो. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीआधी मी एक नेम ठरवला. दोघांनी रोज एकच अध्याय वाचायचा, तो तिकडे, मी इकडे, आणि त्यातला एकेक प्रश्न एकमेकांना मोबाइलवर पाठवायचा. उत्तर बरोबर आलं तर गुण, आणि चांगल्या प्रश्नालाही गुण. पाळकसाहेबांनी चर्चच्या उपासनेत आमचं उदाहरण दिलं, तेव्हा मी मान खाली घालून नम्रपणे बसले होते. आत मात्र फुगले होते.

गेल्या सफरीत एका सकाळी तो अध्याय आला, ज्यात शिष्य नावेत आहेत, वादळ सुटलंय आणि येशू मागच्या बाजूला झोपलाय. मी उठल्या उठल्या प्रश्न पाठवून दिला : त्याच्या डोक्याखाली काय होतं? उत्तर आलं, उशी. बरोबर. त्याचा प्रश्न आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर कावलेली असतात. एका आजोबांची शीर सापडत नव्हती. तेवढ्यात मोबाइल वाजला. "शिष्यांनी त्याला उठवलं ते चुकलं का गो?"

आजोबांचं रक्त घेऊन झाल्यावर मी हातमोजा काढला आणि लिहिलं, "चुकलं. तो नावेत असताना घाबरायचं कशाला? विश्वास कमी पडला. फारच सोपा प्रश्न, अर्धाच गुण." त्याच्या नावाखाली तो काही लिहीत असल्याचं बराच वेळ दिसत होतं. मला वाटलं, उरलेल्या अर्ध्या गुणासाठी भांडतोय. मग नुसता अंगठा आला. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यानंतर त्याचे प्रश्न अगदी बालवाडीचे झाले. अमक्याचा बाप कोण, तमक्या गावाचं नाव काय. मी त्याला चिडवायचेसुद्धा, की इंजिनाच्या आवाजात डोकं बधिर झालं वाटतं.

तो परत आला, त्या आठवड्यात आम्ही भाट्याला गेलो. मी वाळूत चादर टाकली. हा बसला तो समुद्राकडे पाठ करून, सुरूच्या झाडांकडे तोंड करून. मी म्हटलं, "समुद्राशी भांडण झालंय का तुझं?"

तो हसला नाही. वाळूत बोट फिरवत म्हणाला, "तो उठवल्याचा प्रश्न मी गुणांसाठी नव्हता विचारला."

मला आधी कुठला प्रश्न तेच कळेना. त्याने सांगितला.

"इंजिन बंद पडलं होतं आमचं, वादळात. सगळा अंधार. बोट अशी कलायची की वाटायचं, आता परत सरळ होत नाय. मी पाइपाला धरून बसलो नि ओरडत सुटलो, प्रभू, ऊठ, प्रभू, ऊठ. बरोबरची पोरं बघत होती. दुसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटायला लागली. नेमका तोच अध्याय आलेला. म्हटलं, हिला शास्त्र येतं, हिला विचारू या."

"आणि मी चुकलं म्हटलं."

"मी तुला सगळं लिहीतच होतो, मोठा मेसेज होता. तुझं उत्तर आलं, तरी थोडा वेळ लिहीत राहिलो. मग पुसून टाकला."

मला राग आला. स्वतःचा नाही, त्याचाच आला, कारण आपण चुकलो हे कळलं की मला आधी समोरच्याचा राग येतो. मी म्हटलं, "सरळ सांगायचं होतंस. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"खरं आहे," तो म्हणाला. "पण मग मी त्याला परत उठवलाच नाय."

"म्हणजे?"

"प्रार्थना केली नाय. सफर संपेपर्यंत. वाचायचो आपला, तुला रोज प्रश्न हवा म्हणून."

स्कूटरवर मी मागे बसून घरापर्यंत त्याची पाठ बघत राहिले. ज्या माणसाला मी लहानपणी अडलेला शब्द पुरवायचे, त्याच्या तोंडातली प्रार्थना मी काढून घेतली होती. तीही हातमोजा काढून, एका मिनिटात, गुण कापून.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर मी तो अध्याय उघडला. त्या सकाळी उघडलाच नव्हता. पाठ होता, म्हणून वाचला नव्हता. आता एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला, अक्षरओळख नुकतीच झाल्यासारखं. उशीपाशी आले आणि थांबले. इतकी वर्षं ती उशी माझ्यासाठी एका गुणाचा प्रश्न होती. दिवसभर माणसांना शिकवून येशू इतका दमला होता की हलत्या नावेत डोकं टेकताच झोपला, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला त्याची माया आली. देवाबद्दल आदर, धाक, अभिमान, सगळं होतं माझ्यापाशी. माया पहिल्यांदा आली, आणि ती येताच मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

पुढे वाचलं. त्याला उठवतात, जरा उद्धटपणेच, की आम्ही बुडतोय नि तुम्हाला काळजी नाही. तो उठतो. आधी वाऱ्याला गप्प करतो, आणि पाणी शांत झाल्यावर मग त्यांना विचारतो, की का घाबरलात? हीच गोष्ट सांगणाऱ्या दुसऱ्या एका शुभवर्तमानात हा क्रम उलटा आहे, तेही मला पाठ आहे. पण वारा तिथेही थांबतोच, आणि मला का उठवलंत, असं तो कुठेच म्हणत नाही. ते मी म्हटलं होतं.

नवरा स्वयंपाकघरात रात्रीच्या कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसला होता. मी म्हटलं, "त्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकलं."

"आता गुण कोणाचे?" असं म्हणून तो जरा हसला. मी सगळं सांगितलं, वारा आधी, प्रश्न नंतर. त्याने ऐकून घेतलं. "बघू," एवढंच म्हणाला आणि पुढचा शिंपला हातात घेतला. माझ्या मनात होतं की तो एकदम मोकळा होईल. तसं काही झालं नाही.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो आल्यापासून एकच म्हणायचा, "तू कर." त्या संध्याकाळी मीही गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले. बाहेर कुणीतरी बकेट आपटली, शेजारचा टीव्ही लागला. मग तो म्हणाला, "प्रभू, पुढल्या महिन्यात परत जायचं आहे. मला भीती वाटते."

आणि पुढे अडखळला. मान खाली घातली, लहानपणी घालायचा तशी. माझ्या जिभेवर वचन आलंच होतं, भीतीवरचं, अगदी चपखल. ओठ हलायला लागले होते. मी ते दाबून धरले आणि त्याला अडखळू दिलं.