मेमरीवाल्या मॅडम

मॅडम कॉम्प्युटरमधल्या मेमरीच्या पट्टीला बोटाची पाठ लावून पाहत. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आपण लावतो, तशी. क्षणभर थांबत आणि म्हणत, "दम हाय हिच्यात अजून. थोडी रेटू."

अमरावतीत त्यांचं दुकान आणि माझा व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ, मध्ये एकच भिंत. लग्नाच्या फिल्मा मी ज्या कॉम्प्युटरवर जोडतो, तो त्यांच्याच हातचा. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं मशीन पळवायचं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यात मेमरीचं काम सगळ्यात नाजूक, आणि मॅडम त्यातच रमायच्या. त्यांचे वडील अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये होते. कुणाला समजावून सांगायचं झालं की त्या तिथूनच सुरुवात करत.

"पट्टा किती जोरात पळते, तो झाला स्पीड. कापूस टाकणारा माणूस मधात किती थांबते, ते झालं टायमिंग. पट्टा वाढवला तर त्या माणसाले सवड द्या लागते. नाही देली तर कापूस खाली सांडते. पट्टा पळूनच राह्यलेला दिसते."

जिनिंगमध्ये सांडलेला कापूस निदान दिसतो. मेमरीतून सांडलेलं दिसत नाही. फाईल वरून धडधाकट असते आणि आतून किडलेली. म्हणून मॅडम वेग एक पायरी चढवत, टायमिंग थोडं सैल करत, मग पुन्हा आवळून पाहत, आणि दर वेळी टेस्ट लावून मशीन दिवसभर चालतं ठेवत. गिऱ्हाईक कंटाळून घरी जायचं.

हीच चिकाटी त्यांच्या रागातही होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण मॅडमचा डूख काही वेगळाच. "मी भांडत नाही, भाऊ," त्या मला म्हणत. "मी थांबते."

चौकातला चहावाला एकदा बोलून गेला होता की बाईच्या दुकानात काय मशीन सुधरते. मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून थर्मास आणायला सुरुवात केली. पुढे त्याचंच बिलाचं मशीन बंद पडलं आणि तो मुकाट्यानं यांच्या दारात आला. मॅडमनी ते झकास चालू करून दिलं आणि म्हणाल्या, "आता चौकात जाऊन सांगा, कोनं सुधरवलं ते." तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्यानं चौकात चार माणसांना सांगितलं, तोवर त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा डूख अकोल्यात होता.

आधी त्यांचं दुकान अकोल्याला होतं, भागीदारीत. मशीन मॅडम लावत, गिऱ्हाईक भागीदार सांभाळे. एका स्टुडिओसाठी तयार केलेल्या मशीनवर भागीदारानं त्यांच्या मागं हात फिरवला. टेस्टच्या पडद्यावर मोठा आकडा दिसावा म्हणून वेग वाढवला आणि टायमिंगही आवळलं. पाच मिनिटं सगळं छान चाललं, मशीन स्टुडिओत पोचलं. मग उन्हाळा तापला, आणि तापलेली मेमरी सांडू लागली. त्या मशीनवर प्रज्ञा नावाच्या मुलीच्या लग्नाची फिल्म होती. तिच्या वडिलांनी लेकीसाठी स्वतः गाणं रचून भर मांडवात म्हटलं होतं. लग्नानंतर आठवडाभरात ते गेले. घरच्यांनी फिल्म मागितली तेव्हा ती उघडेना. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली गेली होती.

भागीदारानं भर बाजारात हात झटकले. "मशीन मॅडमनं लावलं होतं."

मॅडमजवळ पुरावा नव्हता. अकोल्यात त्यांच्याकडं कुणी मशीन देईना, म्हणून त्या अमरावतीला आल्या. त्या भागीदाराविषयी मी त्यांच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही. एवढंच म्हणत, "त्याचा हात काही बदलत नाही. परत करन तो."

कित्येक वर्षांनी अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा ठेवली. मॅडमनी नाव दिलं आणि मला सोबत घेतलं. मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. भागीदार पहिल्या टेबलावर होता. माईकवर सांगत होता की हे मशीन मी स्वतःच्या हातानं लावलं आहे. त्याचा वेगाचा आकडा सगळ्यांत मोठा होता, मॅडमचा बराच खाली. समोरच्या खुर्च्यांवर प्रज्ञा बसली होती. मॅडमनी एका ओळखीच्या बाईकडून तिला निरोप धाडून बोलावलं होतं, हे मला तिथं कळलं.

बक्षीस जाहीर होणार तेवढ्यात मॅडम उठल्या. "जेवण होईस्तोवर सगळ्या मशीनवर मेमरी टेस्ट लावून ठेवा. जेवून आल्यावर पाहू."

आयोजक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी भागीदाराकडं पाहिलं. एवढ्या लोकांत तो नाही कसा म्हणणार? "लावा ना," म्हणाला.

सगळे जेवायला उठले, आणि मॅडमनी त्याच्या टेबलाकडं तोंड केलेला मोठा कूलर ताटांच्या बाजूला वळवला. "माणसं घामेजून राह्यली," त्या म्हणाल्या. हवा आता कुणाच्याच मशीनला नव्हती, त्यांच्याही नाही.

आम्ही परत आलो तेव्हा भागीदाराच्या पडद्यावर चुकांच्या लाल ओळी खाली सरकत होत्या, एकीमागं एक. मॅडमचा पडदा स्वच्छ होता. निम्मी माणसं अजून पुरी-भाजीत होती. मॅडमनी माईक घेतला.

"हे तुमच्या हातानं लावलं, नाही का?"

त्यानं मान डोलावली.

"आन् ते मशीन? प्रज्ञाच्या फिल्मवालं? ते कोनं लावलं होतं?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग प्रज्ञाकडं. "मीच," तो म्हणाला. माईक मॅडमच्या हातात होता. त्यांनी तो त्याच्या तोंडापुढं धरला. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मॅडम सरळ प्रज्ञासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ती म्हणाली, "हे तुमी मले घरी येऊन सांगतलं असतं, तरी मी मानलं असतं, मॅडम. मी वाट पाहिली तुमची."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागं पडलं. मग मॅडम म्हणाल्या, "त्याच्या तोंडून काढाचं होतं. त्याच्यात तिच्याकडं जायाचंच राहून गेलं."

त्या आठवड्यातच त्या प्रज्ञाच्या घरी गेल्या. स्टुडिओवाल्यानं तिला देऊन टाकलेली त्या मशीनमधली जुनी डिस्क घेऊन आल्या. पावसाळाभर त्या डिस्कवर बसल्या. चित्र काही जुळलं नाही, पण वडिलांच्या गाण्याचा आवाज तुकड्यातुकड्यानं बराचसा हाती लागला. तो त्यांनी प्रज्ञाला नेऊन दिला. तिथं काय झालं, ते मला त्यांनी सांगितलं नाही.

थंडीत भागीदार स्वतः अमरावतीला आला. मी तिथंच होतो. "मॅडम, झालं ते झालं. माफ करा," तो म्हणाला. त्यांनी खुर्ची पुढं केली, चहा दिला, आणि त्याच्या कानांना हेडफोन लावून ते गाणं सुरू केलं. मध्येच आवाज तुटला की तो मॅडमकडं पाही. त्या आपल्या कामातून मान वर करत नव्हत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "परत लावू?"

तो "नको" म्हणाला आणि उठला. चहा तसाच राहिला.

"माफ केलं का त्याले?" मी नंतर विचारलं.

"ऐकवलं," त्या म्हणाल्या.

पुढं अकोटला त्यांच्या आईचं अंथरूण सुटेना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. सामान वर चढवताना कंडक्टर त्यांच्यावर खेकसला, सगळ्या गाडीदेखत. मॅडम खिडकीशी बसल्या, पदर सारखा केला. अकोटची गाडी वळण घेऊन स्टँडबाहेर पडली, तेव्हा त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या कंडक्टरच्या पाठीकडं बघत होत्या, अगदी शांतपणे.