पंख्याची गॅरंटी

माझ्या लग्नात वडिलांनी तुमसरच्या दुकानातून टेबल फॅन घेऊन दिला होता, वर्षाच्या गॅरंटीसकट. व्याह्यानं दिलेल्या वस्तूत खोट असणारच, अशी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खात्री होती. पण वर्ष सरत आलं तरी पंखा काही बिघडेना. मग ऐन थंडीत त्यांनी तो फुल स्पीडवर दिवसदिवस चालू ठेवला. आम्ही सगळे गोधड्या पांघरून शिंकत होतो.

"थंडीत पंखा कायले चालवून राहिले जी?" सासूबाई कडाडल्या.

"गॅरंटी संपाले आली. जे बिघडाचं आहे ते आताच बिघडू दे."

आमची नाकं बिघडली, पंखा नाही. शेवटच्या दिवशी मामाजी त्याला शालीत गुंडाळून एसटीनं तुमसरला निघाले. माहेर दिसेल म्हणून मीही सोबत गेले.

"काय बिघडलं काकाजी?" दुकानदारानं विचारलं.

"आजवर त काहीच नाही. पण आज गॅरंटी संपते. खोलून पाहा."

दुकानदारानं समजावलं, हातसुद्धा जोडले, पण मामाजी हलेनात. शेवटी बिचाऱ्यानं चांगला चालता पंखा खोलला, पुसला आणि पुन्हा जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी घरी बटण दाबलं, तर पंखा रिकाम्या बैलबंडीसारखा खडखडायला लागला. गॅरंटी आदल्या दिवशीच संपली होती. मी भीत भीत मामाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"म्हणलो होतो ना, अंदर खराबी आहे म्हणून!"