शिकाले आलो

आमच्या साडूंइतका शिकलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. शाळेत ते सातवीपर्यंतच गेले. पुढचं सगळं शिक्षण राळेगावातल्या दुसऱ्यांच्या दुकानांत झालं. त्यांचं स्वतःचं बैलबंड्या दुरुस्त करायचं वेल्डिंगचं दुकान होतं, पण दुपारचं जेवण झालं की ते कुणाच्या तरी दुकानात जाऊन बसत. दुकानदार "या, बसा" म्हणाला की यांचं ठरलेलं उत्तर, "बसाले नाही आलो भाऊ, शिकाले आलो." मग दोन तास हलत नसत. विकत काही घेत नसत. वर भरल्या दुकानात विचारत, "धंद्यात तुमची सगळ्यात मोठी चूक कोनती झाली?"

शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. डॉक्टरांकडून ते नंबराची चिठ्ठी शिकले. दुकानात एकच शेतकरी उभा असला तरी त्याच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला बाहेर थांबवत आणि आतून "एक नंबर!" अशी हाक मारत. न्हाव्याकडून आरसा शिकले; तो दारातच टांगल्यामुळे बैल बिथरू लागले. पण सगळ्यात महागात पडली ती शिंप्याकडून शिकलेली ट्रायल. एका बंडीचं चाक कच्चं बसवून त्यांनी मालकाला सांगितलं, "चालवून पाहा. कुठी सैल वाटते, कुठी घट्ट, ते सांगा." चाक एकटंच बसस्टँडपर्यंत गेलं. "पाह्यलं? सैल होतं," साडू शांतपणे म्हणाले. मी यवतमाळच्या कचेरीतला कारकून. लग्नकार्यात साहेबलोकांशी त्यांची ओळख करून द्यायची वेळ आली की मी नेमका पाणी प्यायला जात असे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडं किडली, भाव पडला आणि राळेगावची बाजारपेठ माश्या मारत बसली. बंडीची दुरुस्ती जो तो पुढच्या हंगामावर ढकलू लागला. साडूंच्या दुकानात चार-चार दिवस ठिणगी उडेना. दिवाळीनंतर मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, तुमी येऊन समजवा ह्यायले. संक्रांतीले दुकान बंद करतो म्हन्तात, अन् नागपूरले वॉचमन होतो म्हन्तात."

मी एसटीने गेलो. समजवायला म्हणून गेलो खरा, पण मनातून मलाही वॉचमनची नोकरीच बरी वाटत होती. पाहतो तर साडूंच्या दुकानात बाजारातला हलवाई एका पालथ्या डब्यावर बसलेला. मी विचारलं, "काय काम काढलंत?" तो म्हणाला, "काम नाही. शिकाले आलो." तासाभराने तो उठला आणि शिंपी येऊन त्याच डब्यावर बसला. हलवायाने वेल्डिंग शिकून काय करायचं होतं, मला कळेना. शेवटी शिंप्याला बाहेर घेऊन विचारलं.

"दोन वर्सं झाली, माह्या दुकानात धड गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला. "पन दुकान रिकामं कधी दिसलं नाही. तुमचे साडू बसून राह्यत ना! मानूस बसलेला दिसला का दुसरा पायरी चढते. आता त्यायचं दुकान रिकामं हाय, तं आमी बसाच्या पाळ्या लावून घेतल्या."

मला स्वतःची लाज वाटली. साडूंना मात्र भलतीच चिंता. शिकायला आलेली माणसं डब्यावर बसतात, हे त्यांना बघवेना. पडून असलेल्या लोखंडाची त्यांनी चार स्टुलं केली. एक शिंपी उचलून घेऊन गेला, एक हलवायाने मागितलं, मग औषधाच्या दुकानातून विचारणा आली. संक्रांत गेली, दुकान बंद झालं नाही. स्टुलाचा एक पाय तेवढा आखूड असायचा. त्यांच्या मते ती ट्रायल होती.

गुडघे गेल्यापासून साडू घराबाहेर पडत नाहीत. मागच्या महिन्यात मी राळेगावला गेलो, तेव्हा सहज शिंप्याच्या दुकानात डोकावलो. तो एकटाच होता. कोपऱ्यात ते स्टूल होतं.

"बसा ना," तो म्हणाला. "त्यायचंच हाय. रिकामंच राह्यते आता."

मी बसलो. विचारायला एकही प्रश्न सुचला नाही. डुगडुगत पाऊण तास नुसता बसून राहिलो, तेव्हा कुठे एक बाई कापडाची पिशवी घेऊन पायरी चढून आल्या.