कोरड्या माळाचे उंदीर

उंदरांवर पीएचडी करते म्हटलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "मारायचं औषध शोधून राहिल्या का मॅडम?" नाही हो बाबा, औषध नाही. नांदेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. चाळिशी आली, नोकरी कायम नाही, अन् पीएचडीशिवाय मुलाखतीला कुणी दारात उभं करत नाही. स्टाफरूममधले एक सर तर मी दिसले की म्हणायचेच, "काय, निघाला का डोंगर पोखरून उंदीर?" पहिल्या वर्षी मीही हसले. पुढं हसायचासुद्धा कंटाळा आला.

माझा उंदीर घरातला नव्हे, माळावरचा. पिवळसर, मोठ्या डोळ्यांचा, शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका. त्याचं सगळं अंगच कोरड्या रानासाठी घडलेलं आहे. ज्याला पाणी कमी लागलं तो जगला, त्याचीच पोरं वाढली, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आता बिया, मुळ्या, किडे यांतल्या ओलीवर त्याचं भागतं. दिवसा बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत गप पडून राहतो. पश्चिमेकडच्या वाळवंटी मुलखापासून आमच्या मुरमापर्यंत ही जात पसरली ती कोरड्या रानाच्या वाटेनं. आता आमच्याकडं ती वाट तुटत चालली आहे. नदीला बंधारे झाले, पाणी वर चढलं, ऊस आला, अन् उसामागं घुशी आल्या. मग हा जातो कुठं? पल्याडच्या माळावर सरकतो, की जागच्या जागी संपतो? एवढाच माझा प्रश्न. त्यापायी जीव मेटाकुटीला आला.

देवणी तालुक्यात आमचं गाव. वडिलांनी गायरान कसून कसून नावावर करून घेतलेला मुरमाड तुकडा आहे, त्यात तूरसुद्धा धड येत नाही. वडील गेल्यावर थोरला भाऊ बघतो, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. भोवतीनं ऊस येत गेला, आमचा माळ अन् पल्याडचा एक, तेवढेच कोरडे राहिले. मला तेच पाहिजे होतं. दिवाळीत अन् उन्हाळ्यात सुट्टी लागली की देगलूर, उदगीर करत गाडी बदलत जायचं. संध्याकाळी पिंजरे लावायचे, पहाटे बघायचे. सापडलेल्या उंदराच्या कानाला बारीक खाच पाडायची अन् जिथल्या तिथं सोडून द्यायचा. पुढच्या खेपेला तो खाचवाला कुठं सापडतो, ते लिहायचं.

गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्याचा ऊस आमच्या बांधाला येऊन टेकला. म्हणजे माझे खुणेचे उंदीर आता हलणार तरी, नाहीतर मरणार तरी. या उन्हाळ्याची एक फेरी झाली की काम संपलं. मार्गदर्शक सरांनी बजावून सांगितलं होतं, "ही फेरी हुकली तर मागचं सगळं वाया."

अन् नेमके याच वेळी पेपर तपासायचे गळ्यात पडले. अण्णाला फोन केला, म्हटलं मला उशीर होतोय, माळाकडं लक्ष ठेव. तो म्हणाला, "तू घाई करू नको. गेल्या साली उन्हात चक्कर येऊन पडलीस, ध्यानात हाय न्हवं? या टायमाला मी करतो तुझं काम सोपं." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय.

गावी पोचले तर अण्णा दारातच उभा. हातावर पाणी पडतंय न पडतंय तोवर मला गोठ्याकडं घेऊन गेला. लिंबाच्या सावलीत थर्माकोलचा खोका होता. त्यानं झाकण काढलं. आत बर्फ, अन् बर्फात उंदीर. ओळीनं लावलेले, शेपट्या एका बाजूला.

"मिरचीचा धूर दिला अन् बिळाच्या तोंडाला जाळं लावलं," तो म्हणाला. "सगळा माळ पालथा घातला, एक सोडला न्हाई. नासू नयेत म्हणून रोज देवणीहून बर्फ आणून राहिलो. तू आता सावलीत बस अन् काय मोजायचं ते मोज."

माय माय! कोणता उंदीर कुठल्या बिळात होता, हे आता कळायला मार्गच नव्हता. तसं त्याचं काय चुकलं? जातीची ओळख पटवायला पहिल्या वर्षी मी दोन-तीन उंदीर बरणीत घालून नेले होते, तेवढंच त्यानं बघितलेलं. पहाटे मी उंदीर सोडायची तेव्हा तो डेअरीवर दूध घालायला गेलेला असायचा. कानाची खाच ही माझी खूण एवढं त्याला ठाऊक, ती कशासाठी ते नाही. तरी मला असा राग आला, की खोका उचलून उकिरड्यावर फेकावा. अरे, काय करून बसलास हे! शब्द अगदी ओठावर आले होते.

तेवढ्यात तो म्हशीला पाणी दाखवायला वळला अन् वहिनी चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "बाई, यंदा तेवढं उरकून घ्या बरं. पाइप कवाचे येऊन पडलेत, गोठ्यामागं. लोक हसून राहिले, पाणी असून रान कोरडं ठेवतो म्हणून. पण हे ऐकतात का? म्हणतात, तिचं होईस्तोवर माळाला थेंब लावायचा न्हाई."

मला वाटायचं, आमच्या माळापर्यंत पाणी पोचतच नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

अण्णा परत आला, माझ्या तोंडाकडं बघून त्याचा चेहरा उतरला. "का गं, कमी पडले का? पल्याडच्या माळावर अजून हायत. उद्या तिथं धूर देतो."

"न्हाई न्हाई, अण्णा!" मी ओरडलेच. "पुरतात. लई झाले."

"खरं?"

"खरं."

"मग पाइप जोडू?"

"जोड उद्याच," मी म्हटलं.  त्याला किती आनंद झाला! लगेच उकिडवा बसला, म्हणाला, "चल, मोजायला घे, मी देतो एकेक."

मी पिशवीतून वजनकाटा काढला. काय करणार? तो बर्फातून एकेक उंदीर काढायचा, धोतरानं पुसायचा अन् माझ्या हातात द्यायचा. कानाला खाच दिसली की खुलायचा. "हा बघ, हा तुझा."

"हाव अण्णा," मी म्हणायची, "माझाच हाय."