उजेडासमोरचा मांडा

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा घरीच राहिला. कपाटात पडून राहण्यापेक्षा वापरावा म्हणून मी हातात घेतला. त्यामागे दुसरं काही नव्हतं. मी जळगावच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्या बाईला आणखी एका भिंगाचं काय कौतुक, असं नवरा म्हणाला. पण सूक्ष्मदर्शकाखालची काच हलत नाही, आणि कॅमेऱ्यापुढचं जग हलतं. मला शिकायचं होतं ते तेवढंच.

शिकवायला एक स्टुडिओवाले भाऊ मिळाले. स्टुडिओ मुलाच्या हाती देऊन ते रविवारी सकाळी मेहरूण तलावावर आम्हा सात-आठ हौशी लोकांना घेऊन बसत. माझे सुरुवातीचे फोटो बघून ते फार बोलत नसत. एकदा मी केळीच्या बागेतल्या मजूर बायकांचे फोटो नेले. सगळ्यांचे चेहरे हिरवे आले होते. भाऊ म्हणाले, "ताई, यांना कावीळ झाली म्हणावं तर रंग पिवळा नाही." मग समजावलं, की पानांतून गाळून आलेला उजेड हिरवाच असतो, माणसाला कडेला, उघड्यावर आणायचं. फोटो मी तिथल्या तिथे पुसायला लागले तर त्यांनी हात धरला. "फसलेला फोटो पुसू नका. तोच पुढे उपयोगी पडतो." मला ते शिक्षकी बोलणं वाटलं, तरी पुसणं मी थांबवलं.

मला फोटो हवा होता तो माझ्या आईचा. तिला घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणतात, आम्हीही. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकींनी माहेरी यायचं आणि घरी खापरावरचे मांडे करायचे, हे आमच्याकडे ठरलेलं. पुरण भरलेला कणकेचा गोळा थोडा लाटायचा, मग हातांवर घ्यायचा आणि दोन्ही हात वर-खाली झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा. मांडा परातीएवढा झाला, की चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायचा. हवेत असतो तो चार-पाच क्षण. गल्लीत कुणाकडे लग्न असलं की पहिला प्रश्न यायचा, खापरावर अक्का बसणार ना? ती हो म्हणाली की मग बाकीची तयारी.

पहिल्या आखाजीला मी वीस-बावीस फोटो काढले. शटर इतकं सावकाश होतं, की मांड्याच्या जागी नुसता पांढरा धूर आला आणि त्यातून आईची बांगडी तेवढी ओळखू येत होती. अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, "मांडा खावाना ऱ्हास, देखाना नै. जेवी घे."

दुसऱ्या वर्षी फ्लॅश लावला. आता सगळं स्पष्ट होतं आणि सगळं सपाट. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, अक्का धोतर वाळत घालतेय का?"

एक फोटो चुकला तर पुढच्या संधीला वर्ष लागतं, असा हा छंद होता. मग मी जळगावच्या गच्चीवर सराव केला. नवरा जुनी मलमलची ओढणी दोन्ही हातांवर घेऊन झुलवायचा आणि मी खाली बसून फोटो काढायचे. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, काही नवस आहे का? त्या सरावात मला एक गोष्ट कळली. पातळ वस्तूचा फोटो काढायचा तर उजेड तिच्या मागून यायला हवा. मग तिच्या आतलं दिसतं. खरं म्हणजे लॅबमध्ये मी रोज हेच करते. काचेखालून उजेड सोडते आणि वरून बघते. इतकी साधी गोष्ट गच्चीवर कळायला मला दोन वर्षं लागली.

तिसऱ्या आखाजीला मी सकाळीच परसात जाऊन बसले. चूल पत्र्याखाली, अक्काच्या पाठीमागून ऊन येत होतं. मी समोर जमिनीवर, जवळजवळ चुलीतच. कपाशीच्या काड्या भडभडून जळत होत्या. त्या दिवशी घरात वातावरण बरं नव्हतं. पहिले दोन मांडे खापरावर टाकताना फाटले होते आणि गेल्या आखाजीनंतर मांडे फाटू लागल्यापासून कणकेवरून जी बोलणी चालली होती ती पुन्हा सुरू झाली.

"कनीक बरी मळेल नै शे," अक्का म्हणाली.

वहिनी, म्हणजे भावाची बायको, पाट्यावर कणीक तिंबत होती. तिचे दंड घामाने भिजले होते. "अक्का, तासभर तिंबली. अजून तिंबू?"

"तुले तिंबता येस नै तं तासभर काय आनि दिवसभर काय."

वहिनीने कणीक पाट्यावर आपटली. त्या आपटण्यात वर्षभराचं साठलेलं होतं, ते मला दिसत होतं.

तिसरा मांडा अक्काने हातांवर घेतला आणि मला हवा होता तो फोटो मिळाला. मांडा उजेडासमोर कंदिलासारखा पेटला होता. आत पुरणाचे कण दिसत होते, मागे अक्काची बोटं दिसत होती. मी इतकी खूश झाले की स्क्रीन तिच्यासमोर धरली. "अक्का, बघ तरी."

तिने पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ पाहिलं. मग पिठाचं बोट स्क्रीनवर ठेवलं. "आठे जाड शे."

खरंच होतं. मांड्याच्या एका बाजूला, तिच्या उजव्या हाताकडे, काळपट पट्टा होता. तिथून उजेड येत नव्हता. बाकी मांडा कागदासारखा आणि ती कड भाकरीसारखी. वजन एकीकडे पडलं की तो फाटणारच.

"मागला सालना दखाड," ती म्हणाली.

कार्डात फ्लॅशचे फसलेले फोटो तसेच होते. मी एक काढून दिला. त्या सपाट फोटोत दोन्ही कोपरं एका रेषेत होती. आताच्या फोटोत उजवं कोपर चार बोटं खाली. मला ते पाहताक्षणी कळलं, आणि मी कॅमेरा बंद करायला गेले.

"बंद कसाले करस? रोज लोकेसले सांगस ना, रगतमा काय शे ते. मंग माले सांग."

लॅबमध्ये मी कुणाचाही रिपोर्ट कधी मऊ करून दिलेला नाही. पण तो कागदावर असतो आणि सांगायचं काम डॉक्टरांचं. इथे मीच होते. खोटं बोलले असते तर पुढच्या आखाजीलाही वहिनी बोलणी खात कणीक तिंबत बसली असती. मी म्हटलं, "तुझा उजवा हात वर जात नाही अक्का. कणीक चांगली आहे."

काड्या जळून खापर जास्त तापलं होतं. अक्काने उजवा हात उचलून पाहिला. खांद्याच्या वर तो गेला नाही. दुखत किती दिवसांपासून होतं, ते तिने आम्हाला आजही सांगितलेलं नाही.

"कनीक नै, खांदा शे," ती म्हणाली. माफी वगैरे नाही. उठली, हात धुतले, आणि वहिनीला म्हणाली, "आते तू बस आठे."

वहिनीचे पहिले चार मांडे आम्ही तुकड्यांतच खाल्ले. खांद्यावर धुळ्याला उपचार झाले. दुखणं कमी झालं, पण हात पूर्वीइतका वर गेला नाही. गल्लीतल्या लग्नांना अक्काने स्वतःच नाही सांगून टाकलं. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही, असं भाऊ फोनवर म्हणाला. मला वाईट वाटलं, पण फोटो काढल्याचं नाही.

तो फोटो मी काढलेला सर्वांत चांगला. स्टुडिओवाल्या भाऊंनी तो आमच्या गटाच्या प्रदर्शनासाठी मागितला. मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "जाड मांडा बठ्ठा गावले दखाडस का?" फोटो गेला नाही.

यंदाच्या आखाजीला खापरावर वहिनी होती. अक्का खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसली. प्रत्येक मांड्यानंतर "दखाड" म्हणून तिचं डोकं माझ्या आणि स्क्रीनच्या मध्ये यायचं. काळा पट्टा कुठे आहे ते बघायची आणि वहिनीला ओरडून सांगायची, डावा हात उचल, बोटं नको लावू. वहिनी शेवटी म्हणाली, "अक्का, आता तुम्हालाच एक कॅमेरा घेऊन देते."

नवव्या की दहाव्या मांड्याला पट्टा कुठेच नव्हता. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा उजेड. अक्काने स्क्रीन दोनदा मोठी करून पाहिली. "हाऊ दे त्यासले," म्हणाली. म्हणजे हा फोटो प्रदर्शनासाठी स्टुडिओवाल्या भाऊंना.

मी पाहिलं तर फोटोत वहिनीचं कोपर कडेला कापलं गेलं होतं. शिकाऊ माणसाची चूक, चौथ्या वर्षी व्हायला नको होती. मी अक्काला तसं सांगितलं.

"मांडा तं आख्खा शे ना," ती म्हणाली.